पावसाळा सरला की कॅसेट चालेनाशी होते: जुन्या टीव्ही गेममधला वारंवार येणारा दोष कसा शोधावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुने टीव्ही गेम जपणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी ठरलेल्या वेळी कानावर येते. मे महिन्याच्या सुट्टीत व्यवस्थित चाललेली कॅसेट गणपतीच्या दिवसांत माळ्यावरून काढून लावली, की पडदा नुसता राखाडी राहतो किंवा चित्र येऊनही अक्षरांच्या जागी भलत्याच चौकटी दिसतात. मग घरातला कोणीतरी जाणता माणूस ‘फुकून लाव की रे, लागतंय बघ’ म्हणतो, कॅसेट फुंकर मारून पुन्हा बसवली जाते, खेळ सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच राखाडी पडदा समोर येतो. अशा कॅसेटपैकी बऱ्याच ‘गेल्या’ म्हणून भंगारात जातात, आणि त्यांतल्या कितीतरी प्रत्यक्षात धडधाकट असतात. कॅसेटला हात लावण्यापूर्वी पडद्यावर नेमके काय दिसते आहे ते शांतपणे पाहिले, तर दोष कॅसेटच्या कोणत्या भागात आहे, की तो कॅसेटमध्ये नाहीच, याचा बराचसा निर्णय तिथेच लागतो.

आपल्याकडे सापडणारी बहुतेक यंत्रे ही निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला आहेत. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला, त्याच्या कॅसेटला ६० पिना, म्हणजे बोर्डाच्या काठावरच्या धातूच्या पट्ट्या, होत्या, आणि ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी आपल्या बाजारात विकल्या गेलेल्या यंत्रांनी तीच ६० पिनांची रचना उचलली. त्याच यंत्राची अमेरिकेतली आवृत्ती १९८५ मध्ये निघाली. तिचे नाव एनईएस आणि तिच्या कॅसेटच्या पिना ७२. तिचे दुखणे थोडे वेगळे असल्यामुळे त्याविषयी पुढे लिहिले आहे. नकली यंत्र उघडल्यावर आत यूएमसी या तैवानी कंपनीच्या ६५२७पी आणि ६५३८ अशा क्रमांकांच्या दोन मोठ्या आयसी दिसल्या, तर ते जुने आणि दुरुस्त करण्याजोगे यंत्र समजावे. त्याऐवजी बोर्डावर काळ्या राळेचा एकच ठिपका दिसला, तर सगळे यंत्र त्या एका चिपमध्ये कोंबलेले असते आणि ती चिप गेल्यास पुढे करण्यासारखे काही उरत नाही. संग्रहासाठी यंत्र घेताना मी तरी चार स्क्रू काढून आत पाहू देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घेतो.

पडदा काय सांगतो

या कॅसेटमध्ये दोन स्वतंत्र भांडार असतात, आणि ही गोष्ट ध्यानात आली की निम्मे काम झाले. एकात खेळाचा प्रोग्राम असतो, तो यंत्राची मुख्य चिप वाचते. दुसऱ्यात चित्रांचे तुकडे असतात, ते चित्र काढणारी चिप वाचते. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सचेच उदाहरण घेतले, तर त्यात ३२ किलोबाइट प्रोग्राम आणि ८ किलोबाइट चित्रे, मिळून अवघे ४० किलोबाइट आहेत. दोन्ही भांडारांकडे जाणाऱ्या वाटा वेगळ्या आहेत, आणि त्या कॅसेटच्या काठावरही वेगवेगळ्या जागी येतात. काठाच्या एका बाजूला १ ते ३० आणि मागच्या बाजूला ३१ ते ६० अशा पिना असतात, आणि १ च्या पाठीशी ३१ येते. प्रोग्रामच्या वाटेच्या पिना पुढच्या बाजूस २ ते १५ आणि मागच्या बाजूस ३२ ते ४४ अशा, म्हणजे काठाच्या एका अर्ध्या भागात आहेत. चित्रांच्या वाटेच्या पिना १७ ते २९ आणि ४७ ते ६० अशा, म्हणजे दुसऱ्या अर्ध्या भागात आहेत.

त्यामुळे पडदा राखाडी, काळा किंवा कोणत्याही एकाच रंगाचा राहिला, आवाज नाही, बटणांना प्रतिसाद नाही, अशी स्थिती असेल, तर प्रोग्राम वाचलाच जात नाही आणि संशय प्रोग्रामच्या अर्ध्या भागावर घ्यावा. खेळ मात्र सुरू झाला आहे, संगीत वाजते आहे, बटण दाबले की उडीचा आवाजही येतो, पण चित्राचा चिवडा झाला आहे, अशी स्थिती असेल, तर प्रोग्रामचा भाग निर्दोष आहे आणि दोष चित्रांच्या अर्ध्या भागात आहे. हा फरक कळला म्हणजे साठही पिना सरसकट घासत बसण्याची गरज राहत नाही.

चित्राच्या चिवड्यातही वाचण्यासारखे बरेच असते. या यंत्रात सगळे चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींनी बनते, आणि चित्रांच्या भांडारातून येणाऱ्या आठ तारांपैकी प्रत्येक तार अशा चौकटीतल्या एका उभ्या स्तंभाची माहिती आणते. म्हणून पडदाभर आठ-आठ ठिपक्यांच्या अंतराने बारीक उभ्या रेघा दिसत असतील, बाकी चित्र ओळखू येत असेल, तर त्या आठांपैकी एकच पिन लागत नाही, असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. या आठ पिना २६ ते २९ आणि ५७ ते ६० या क्रमांकांच्या, म्हणजे काठाच्या अगदी टोकाला असतात, आणि टोकाच्या पिनाच सर्वांत आधी मळतात. याउलट रेघा नसून अक्षरांच्या जागी दुसरीच अक्षरे, ढगाच्या जागी विटा असा प्रकार दिसत असेल, तर माहिती बरोबर येते आहे पण चुकीच्या पत्त्यावरून येते आहे. अशा वेळी १९ ते २५ आणि ५० ते ५६ या पत्त्याच्या पिना तपासाव्यात. आकार बरोबर पण चार रंगांच्या जागी दोनच रंग, असेही कधीकधी दिसते, आणि तेही पत्त्याच्या एका पिनेचेच काम असते.

आवाजाची गंमत निराळी आहे. मूळ फॅमिकॉममध्ये यंत्राचा आवाज ४५ व्या पिनेतून कॅसेटमध्ये जातो आणि ४६ व्या पिनेतून परत येतो, कारण काही जपानी कॅसेटमध्ये स्वतःची वेगळी ध्वनिचिप होती आणि दोन्ही आवाज तिथेच मिसळायचे. साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना नुसत्या जोडलेल्या असतात. ही रचना पाळणाऱ्या यंत्रात चित्र उत्तम पण आवाज गायब, अशी तक्रार आली, तर टीव्हीचा स्पीकर किंवा वायर उकलण्याआधी काठाच्या मागच्या बाजूच्या मधोमध असलेल्या या दोन पिना पुसून पाहाव्यात. आवाजासाठी यंत्र दुरुस्तीला टाकून, भलतीच आयसी बदलून आणल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

पिनांचे क्रमांक बोर्डावर नेहमी छापलेले नसतात. मल्टिमीटर बीपवर ठेवून काठाची समोरासमोरची तिरपी टोके तपासावीत. बहुतेक बोर्डांवर जी दोन तिरपी टोके आपसांत जोडलेली लागतात, त्या ३० आणि ३१ या पाच व्होल्टच्या पिना असतात, आणि त्यावरून बाकीचे मोजता येते. हे अर्थातच कॅसेट यंत्राबाहेर असताना करायचे आहे.

फुंकर का लागू पडते आणि का पडत नाही

फुंकर मारल्यावर खेळ सुरू होतो हे खोटे नाही, पण त्याचे श्रेय फुंकरीला देता येत नाही. कॅसेट काढून पुन्हा घालताना स्लॉटमधल्या स्प्रिंगा पिनांवर घासल्या जातात आणि मळाचा थर थोडा खरवडला जातो. न फुंकता नुसती काढून घातली तरी बहुधा तोच परिणाम मिळतो. फुंकरीबरोबर जाते ती तोंडातली वाफ, आणि ती पिनांच्या तांब्यावर गंज धरायला मदत करते. निन्टेन्डोने स्वतः आपल्या सूचनांमध्ये कॅसेटमध्ये फुंकू नये, असे बजावले होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की त्यात आणखी भर घालण्याची काहीच गरज नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूने आलेल्या कॅसेट उघडल्या की पिनांच्या कडांना हिरवट बुरशीसारखा थर दिसतो, तर अथणीच्या कोरड्या बाजूच्या कॅसेटमध्ये गंज कमी आणि बारीक धूळ जास्त असते. जिल्हा एकच असला तरी दुखणे एक नाही, आणि साफ करण्याची रीतही त्याप्रमाणे थोडी बदलते.

कॅसेट उघडण्यासाठी आपल्याकडच्या बहुतेक कवचांना साधा चार टोकांचा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो, काही नुसत्या खाचांनी बसवलेल्या असतात, आणि एनईएसच्या कॅसेटना मात्र ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. बोर्ड हातात आल्यावर तो उजेडाकडे तिरपा धरून पाहावा. प्रत्येक पिनेवर स्प्रिंग घासून पडलेली एक चकचकीत बारीक पट्टी दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धातू मळकट तपकिरी असतो. ही चकचकीत पट्टी पिनेच्या मधोमध असेल तर उत्तम. ती सगळ्या पिनांवर एका कडेला सरकलेली दिसत असेल, तर कॅसेट कवचात वाकडी बसली आहे किंवा कवच मूळचे नाही, आणि कितीही साफ केले तरी ती अधूनमधून दगा देणारच. अशा वेळी बोर्डाच्या बाजूला कागदाची पातळ घडी घालून तो मध्यावर आणणे हाच इलाज.

साफ करण्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. हात धुण्याचे सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते आणि ग्लिसरीनचा चिकट थर मागे राहतो. कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून पिनेच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे आतून काठाकडे ओढावी; आडवी फिरवल्यास एका पिनेचा मळ दुसरीवर जातो आणि कापसाचे तंतूही कडांना अडकतात. काडी काळी पडायची थांबेपर्यंत काड्या बदलत राहावे. हिरवा थर अल्कोहोलने निघत नसेल, तेव्हाच पांढरे मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवावे आणि त्याचा चुरा लगेच झाडून टाकावा. खोडरबराची सवय लावू नये, कारण मूळ जपानी कॅसेटवर सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा असतो आणि तो निघाला की खालचे धातू उघडे पडून दुखणे कायमचे मागे लागते. पॉलिश पेपर, भांडी घासायची तार आणि पितळ उजळण्याचे पॉलिश यांना कॅसेटजवळ येऊ देऊ नये. धुळीच्या कॅसेटला मात्र कोरडा मऊ ब्रश आणि मग एकदा अल्कोहोल, एवढे पुरे होते.

कॅसेट स्वच्छ केल्यावरही दोष तसाच राहिला, किंवा एकाच यंत्रात सगळ्याच कॅसेट त्रास देत असतील, तर दोष स्लॉटकडे आहे. पातळ पुठ्ठ्यावर सुती कापड ताणून, अल्कोहोलने ओलसर करून, ते यंत्र बंद असताना स्लॉटमध्ये काही वेळा सरळ आत-बाहेर करावे आणि पूर्ण वाळू द्यावे. कापडासह जाडी कॅसेटच्या बोर्डाइतकीच, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर ठेवावी. जाड पुठ्ठा घातला तर स्प्रिंगा कायमच्या फाकतात. बाजारात मिळणाऱ्या काही नव्या स्वस्त कॅसेटचे बोर्ड १.६ मिलिमीटर जाडीचे असतात आणि त्या काही महिने वापरल्यावर जुन्या, बारीक बोर्डाच्या कॅसेट सैल लागू लागतात. म्हणून जुना स्लॉट असलेल्या यंत्रात अशी नवी कॅसेट मी लावत नाही. कॅसेट जराशी मागे रेलून धरली की खेळ चालतो आणि सोडली की बंद पडतो, असे असेल, तर दोन शक्यता राहतात: स्प्रिंगा सैल झाल्या आहेत, किंवा स्लॉट बोर्डाला जिथे जोडला आहे तिथे ड्राय सोल्डर झाले आहे, म्हणजे जोडणीचे सोल्डरचे डाग तडकून सुटले आहेत. दुसरी शक्यता अधिक असते, कारण वर्षानुवर्षे कॅसेट जोराने घालण्या-काढण्याचा सगळा ताण त्या साठ डागांवर येतो. बोर्ड उलटा करून भिंगाने पाहिल्यास डागाभोवती बारीक गोल भेग दिसते. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही कारागिराला साठही डाग पुन्हा गरम करून द्यायला सांगावे. फक्त ‘व्हिडिओ गेम आहे, मुलांचा आहे’ असे म्हणू नये, नाहीतर काम दोन आठवडे कोपऱ्यात पडते.

सप्लाय, टीव्ही आणि अमेरिकन यंत्रे

खेळ सुरू होतो पण काही मिनिटांनी आपोआप पहिल्या पडद्यावर जातो, किंवा चित्रावरून जाड अंधूक पट्टा हळूहळू वर सरकत राहतो, तेव्हा कॅसेटला दोष देऊ नये. यंत्राच्या आत ७८०५ ही रेग्युलेटर आयसी असते, ती अॅडॉप्टरच्या नऊ-दहा व्होल्टचे नेमके पाच व्होल्ट करते, आणि त्यासाठी तिला किमान सात व्होल्ट तरी सतत मिळावे लागतात. जुन्या अॅडॉप्टरमधला फिल्टर कंडेन्सर वाळला, की मल्टिमीटरवर रिकामा असताना बारा व्होल्ट दाखवणारा तोच अॅडॉप्टर भार पडताच खाली येतो. म्हणून माप यंत्र चालू असतानाच घ्यावे. आयसीच्या तिसऱ्या पायावर पाच व्होल्ट स्थिर दिसले, तर सप्लाय ठीक आहे. वेगवेगळे व्होल्ट निवडण्याचे बटण असलेला अॅडॉप्टर घेताना ध्रुवता पाहून घ्यावी: मूळ फॅमिकॉमच्या जॅकमध्ये मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो, बऱ्याच नकलांमध्येही तसेच असते, पण सर्वांत नसते, आणि उलटी जोडणी झाल्यास स्वस्त यंत्रात तिला अडवणारे काहीच नसते.

नातेवाइकांनी परदेशातून आणलेले एनईएस यंत्र लावले की पडदा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकत राहतो. त्यात एक कुलूपचिप असते, ती कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी सतत बोलत असते, आणि संपर्क तुटला की ती यंत्र पुन्हापुन्हा रीसेट करते. नकली यंत्रात ही चिपच नसल्यामुळे तिथे लुकलुक होत नाही. अर्थात इथेही मूळ दोष पिनांचाच असतो आणि इलाज वर सांगितलेलाच. मात्र अमेरिकन यंत्राचा अॅडॉप्टर ११०-१२० व्होल्टसाठी असतो आणि जपानी यंत्राचा १०० व्होल्टसाठी. तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास जळतो. या दोन्ही देशांची यंत्रे सेकंदाला साठ चित्रे आणि एनटीएससी पद्धतीचे रंग देतात, तर आपल्याकडे विकली गेलेली यंत्रे पन्नास चित्रे आणि पाल पद्धतीची. त्यामुळे जुन्या भारतीय टीव्हीवर परदेशी यंत्राचे चित्र रंगहीन किंवा फिरते दिसले, तर तो बिघाड नव्हे. बंदुकीने बदके मारण्याचा खेळ नव्या सपाट टीव्हीवर चालत नाही म्हणूनही कोणी कॅसेट बदलू नये; ती बंदूक फक्त जुन्या काचेच्या पडद्यावरच नेम ओळखू शकते.

पावसाळ्यापूर्वी काय करावे

कौलारू घरातला माळा ही कॅसेट ठेवण्याची सर्वांत वाईट जागा आहे. मेच्या अखेरीस पिना साफ करून, कॅसेट पूर्ण कोरड्या झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांच्या, पुडीबरोबर ठेवाव्यात. निळे खडे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा निळे करता येतात. हे काम जुलैत एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा करावे लागते, आणि त्यासाठी स्वयंपाकाचा तवा घेऊ नये. कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळू नये, कारण कागद ओल धरून ठेवतो. डांबरगोळ्याही टाकू नयेत, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते. यंत्राच्या स्लॉटवर झाकण नसेल तर एखादी निकामी कॅसेट त्यात घालून ठेवण्याची पद्धत पुष्कळांकडे आहे, पण तीन महिने स्प्रिंगा दाबून ठेवण्यापेक्षा स्लॉटवर नुसती कापडी पट्टी चिकटवलेली बरी.

हे सगळे करूनही जी कॅसेट चालत नाही, तिच्याबाबत एक कसोटी उपयोगी पडते. संपर्काचा दोष दर वेळी रूप बदलतो: एकदा राखाडी पडदा, एकदा उभ्या रेघा, एकदा व्यवस्थित खेळ. कितीही वेळा काढून घातली आणि दुसऱ्या यंत्रात लावली तरी तोच दोष, त्याच जागी, तसाच दिसत असेल, तर स्मरणचिपच गेली आहे. बोर्डावर काळ्या राळेचा ठिपका असेल तर शोध तिथेच थांबतो. मात्र पायांची सुटी आयसी असून तिच्या माथ्यावर काचेची छोटी खिडकी दिसली, तर ती पुन्हा लिहिता येणारी चिप आहे. अशा चिपवरचा कागद निघून तिच्यावर वर्षानुवर्षे ऊन पडत राहिले असेल तर तिच्यातली माहिती पुसट होते, आणि योग्य यंत्र असलेल्या माणसाकडून ती पुन्हा भरून घेता येते. त्यासाठी खेळाचे नाव पुरेसे नसते, बोर्डावर छापलेला क्रमांकही कळवावा लागतो. तो क्रमांक कॅसेट उघडली त्याच दिवशी कवचाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावा.